डीजीसीएचे लायसन्स हातात आहे, ऑस्ट्रेलियात विमानावर काम करायचे आहे: क्रम काय आणि अडते कुठे

प्रश्न असा आला आहे: मेकॅनिकलची बीई, मग डीजीसीएचे (भारताच्या नागरी विमान नियामकाचे) बी१.१, म्हणजे टर्बाइन विमानाच्या मेकॅनिकल देखभालीचे लायसन्स, नागपूरच्या मिहानमध्ये एका एमआरओत (विमान देखभाल-दुरुस्तीच्या कंपनीत) ए३२० वर सात वर्षांचे काम, वय ३२, लग्न झालेले. ऑस्ट्रेलियात जायचे आहे, पण विमानाचे काम सोडायचे नाही. व्हिसा कोणता घ्यावा, आणि आपले लायसन्स तिथे चालेल का?

आधी लायसन्सचे बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. डीजीसीएच्या लायसन्सवर ऑस्ट्रेलियन विमानाला रिलीज, म्हणजे देखभालीनंतर ते उडायला योग्य असल्याची सही, देता येत नाही. पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात असली तरी नाही. व्हिसा देते तिथले गृहखाते. देखभालीच्या कामावर सही करायचा अधिकार देते कासा, म्हणजे सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटी, आपल्याकडे जे डीजीसीए करते ते तिथे करणारी संस्था. ही दोन खाती एकमेकांना विचारत नाहीत. एकाने होकार दिला म्हणून दुसरीकडचा कागद हलत नाही. ‘आधी पीआर घेऊन उतरू, लायसन्सचे मग बघू’ म्हणणारी चांगली माणसे गोदामात नाहीतर टॅक्सीवर वर्ष-दीड वर्ष काढतात, आणि तेवढ्यात त्यांचा हँगरमधला अनुभव जुना होऊन बसतो. म्हणून दोन्ही कामे भारतात असतानाच, एकाच वेळी सुरू करायची.

तुमची केस नेमकी कोणाकडे जाते

कुशल कामगार म्हणून जाताना तुमचा व्यवसाय एका सहा आकडी कोडमध्ये बसावा लागतो. या कोडच्या यादीला अँझ्स्को म्हणतात. विमान क्षेत्रात दोन घरे आहेत. पदवीधर इंजिनिअर असाल, म्हणजे डिझाइन, स्ट्रेस, सर्टिफिकेशन, रिलायबिलिटी, टेक्निकल सर्व्हिसेस अशा कामातले, तर २३३९११ एरोनॉटिकल इंजिनिअर. त्याची तपासणी एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. प्रत्यक्ष विमानावर काम करत असाल तर ३२३१११ एव्हिऑनिक्स, ३२३११२ मेकॅनिकल किंवा ३२३११३ स्ट्रक्चर्स. त्यांची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे टीआरए करते.

बीई आणि बी१.१ दोन्ही असलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. पदवी आहे म्हणून ते २३३९११ धरतात आणि सात वर्षांचे हँगरचे काम एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियापुढे मांडतात. त्यात दोन अडचणी येतात. एक, मूळ पदवी मेकॅनिकलची असेल तर मूल्यांकन मेकॅनिकल इंजिनिअरकडे, म्हणजे २३३५१२ कडे झुकते. दोन, मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे पार्ट बदलणे, चेक पूर्ण करणे, सही करणे हे काम कितीही जबाबदारीचे असले तरी ती संस्था त्याला इंजिनिअरिंग मानत नाही. तिला तुमचे विश्लेषण आणि निर्णय बघायचा असतो. वर दिलेल्या प्रोफाइलला माझ्या मते ३२३११२ आणि टीआरए हाच सरळ रस्ता आहे. टेक्निकल सर्व्हिसेसमध्ये दोन-तीन वर्षे काढली असतील तरच एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाचा विचार करावा.

टीआरएच्या मायग्रेशन स्किल्स असेसमेंटला कोर्सचे प्रमाणपत्र लागते आणि किमान तीन वर्षांचे पूर्णवेळ पगारी काम लागते. त्यातले १२ महिने अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत झालेले हवेत. सीएआर १४७ संस्थेचे, म्हणजे डीजीसीएमान्य प्रशिक्षण संस्थेचे, कोर्स पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, सगळ्या मॉड्यूलचे निकाल आणि लायसन्सच्या प्रत्येक पानाची प्रत एकत्र लावा. नुसत्या लायसन्सवर ‘शिक्षण कुठे आहे’ असा प्रश्न येतो. कंपनीच्या पत्रात पद आणि तारखा असून भागत नाही. आठवड्याचे तास, पगार, विमानांचे प्रकार, रोजची कामे आणि पत्र देणाऱ्याचा संपर्क हे सगळे लिहिलेले लागते. पत्रातला शब्द न् शब्द पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि पीएफ पासबुकशी जुळायला हवा. एचआरने ठरावीक छापाचे ‘एक्सपीरियन्स सर्टिफिकेट’ दिले असेल तर त्याच्या जोडीला मेंटेनन्स मॅनेजरकडून लेटरहेडवर कामांचे वेगळे पत्र घ्या.

एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यांना वॉशिंग्टन अकॉर्डची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या कराराची, एक वाट आहे. भारत २०१४ पासून नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनच्या माध्यमातून त्याचा सदस्य आहे, पण लाभ फक्त टिअर-१ मान्यतेच्या अभ्यासक्रमांना मिळतो, आणि तोही मान्यतेच्या वर्षांत पदवी घेतलेल्यांना. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेली कॉलेजे टिअर-२ मध्ये मोडतात. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ दिसले म्हणून खूश होऊ नका. टिअर आणि वर्ष दोन्ही बघा. त्यात बसत नसाल तर सीडीआर, म्हणजे आपली इंजिनिअरिंगची क्षमता दाखवणारा अहवाल, लिहावा लागतो: तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्द, परिच्छेदांना क्रमांक, प्रथमपुरुषी लेखन, शिवाय समरी स्टेटमेंट आणि सतत चाललेल्या शिक्षणाची यादी.

सीडीआर कुठे पडतो ते एका उदाहरणावरून पाहा. ए३२० च्या ग्रीन हायड्रॉलिक सिस्टीममध्ये एकच दोष पुन्हा पुन्हा येतो आहे. ‘मी मॅन्युअलप्रमाणे ट्रबलशूटिंग केले आणि इंजिनवरचा पंप बदलला’ एवढे लिहिले तर तो मेकॅनिकचा रिपोर्ट होतो. तोच प्रसंग असा लिहा: चार विमानांतला हाच दोष एकत्र मांडला, दोन रिमूव्हलमधले तास तपासले, फिल्टरमधल्या कणांची तपासणी करवली, दोन शक्यता बाजूला का सारल्या ते आकड्यांनी दाखवले, तपासणीचे अंतर कमी करण्याचा प्रस्ताव लिहिला आणि नंतरच्या महिन्यांत दोषाचे प्रमाण किती उतरले ते मोजले. हा झाला इंजिनिअरचा एपिसोड. इंटरनेटवर विकत मिळणारे नमुने अजिबात वापरू नका. मजकूर पडताळला जातो, आणि चोरी सापडली तर अर्ज तर जातोच, वर काही काळ पुन्हा अर्ज करायला बंदीही येते.

पॉइंटचे गणित

स्पॉन्सरशिवाय जायचे तर १८९ (स्वतंत्र), १९० (राज्याच्या नॉमिनेशनचा) आणि ४९१ (प्रादेशिक भागाचा) हे तीन व्हिसा. स्किलसिलेक्ट या सरकारी साइटवर ईओआय, म्हणजे इच्छापत्र, टाकायचा, निमंत्रण आले की ६० दिवसांत अर्ज भरायचा. किमान ६५ पॉइंट लागतात आणि निमंत्रणाच्या दिवशी वय ४५ च्या आत हवे. तुमचा हिशेब असा: वय २५ ते ३२ ला ३०, पदवीला १५, परदेशातला पाच ते आठ वर्षांचा अनुभव १०. आयईएलटीएसच्या चारही भागांत ७ असतील तर १०, ८ असतील तर २०. जोडीदाराचे इंग्रजी पुरेसे असेल तर ५, त्यांचेही स्किल असेसमेंट झालेले असेल तर १०. म्हणजे साधारण ७० ते ८५. राज्याचे नॉमिनेशन मिळाले तर १९० ला ५ आणि ४९१ ला १५ त्यात मिळतात.

या बेरजेत तीन ठिकाणी पाय घसरतो. तेहतिसावा वाढदिवस झाला की वयाचे ५ जातात, म्हणून इंग्रजीची परीक्षा ‘निवांत देऊ’ म्हणत पुढे ढकलू नका. अनुभव फक्त गेल्या १० वर्षांतला धरतात, आणि तोही तुम्ही त्या व्यवसायात ‘कुशल’ ठरलात त्या तारखेपासूनचा. ट्रेनी म्हणून काढलेली वर्षे वजा झाली तर सातची साडेचार होतात आणि १० चे ५ उरतात. तिसरे म्हणजे पदवी. असेसमेंट टीआरएचे असले तरी बीईचे १५ पॉइंट घेता येतात, पण त्यासाठी पदवीच्या दर्जाचा अभिप्राय वेगळा घ्यावा लागतो. व्हेटअसेस हे काम करते. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण ट्रेडचे १० च मागतात.

आयईएलटीएसऐवजी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर नव्या आकड्यांवरच तयारी करा. ७ ऑगस्ट २०२५ पासूनच्या परीक्षांना जुने सरसकट ७९ चालत नाही. सर्वात वरच्या श्रेणीसाठी बोलण्यात ८८ आणि लिहिण्यात ८५ लागतात, ऐकणे आणि वाचणे मात्र सोपे झाले आहे. बोलण्यात अडखळणाऱ्यांना आयईएलटीएस बरी पडते.

१८९, १९० आणि स्पॉन्सरच्या ४८२ व्हिसाच्या व्यवसाय याद्या एकच नाहीत. आपला कोड शोधताना त्यासमोर कुठल्या व्हिसाचे क्रमांक आहेत ते अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघा. राज्येही दरवर्षी आपापल्या अटी बदलतात.

स्पॉन्सर मिळाला तर

हँगरमधल्या माणसासाठी बऱ्याचदा हाच जवळचा रस्ता असतो. ७ डिसेंबर २०२४ पासून कुशल कामगारांच्या जुन्या टीएसएस या तात्पुरत्या व्हिसाच्या जागी स्किल्स इन डिमांड आला, क्रमांक तोच, ४८२. त्याच्या कोअर स्किल्स यादीत विमान देखभालीचे तिन्ही कोड आहेत आणि एरोनॉटिकल इंजिनिअरही आहे. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एकावर आली. व्हिसा चार वर्षांपर्यंतचा. पगाराची किमान पातळी १ जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि ती दर १ जुलैला वाढते. याहून वरची, जास्त पगाराची स्पेशालिस्ट स्ट्रीम आहे, पण ती ट्रेड गटातल्या व्यवसायांना बंद आहे. म्हणजे बी१ वाल्याचा पगार ओव्हरटाइम धरून कितीही वर गेला तरी त्याला ती लागू होत नाही. एजंट तसे सांगत असेल तर त्याने नियम वाचलेला नाही.

दोन वर्षे स्पॉन्सरकडे काम झाले की १८६ या मालकाच्या नॉमिनेशनवरच्या व्हिसातून पीआरचा अर्ज करता येतो, आणि आता वेगवेगळ्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडची वर्षेही एकत्र धरतात. नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस आणि एकूण ३६५ दिवस मिळतात. हा नियम पाठ असू द्या. बोन्झा ही विमान कंपनी एप्रिल २०२४ मध्ये बंद पडली, रेक्स त्याच वर्षी जुलैत प्रशासकांच्या ताब्यात गेली. ऑफर घेताना पगाराइतकेच कंपनीच्या ताळेबंदाकडे लक्ष द्या.

स्पॉन्सरशिपसाठी पैसे देणे आणि घेणे दोन्ही ऑस्ट्रेलियात २०१५ पासून बेकायदा आहे. प्रशिक्षण निधीचा कर, म्हणजे लेव्ही, मालकाने भरायचा असतो, छोट्या कंपनीला वर्षाला १,२०० आणि मोठीला १,८०० डॉलर, आणि तो तुमच्या पगारातून कापता येत नाही. ‘लेव्ही तुम्ही भरा, सहा महिन्यांत परत देतो’ असे कोणी म्हणाले तर त्या ऑफरवर सही करू नका. सल्लागार घ्यायचाच असेल तर त्याचा मारा (स्थलांतर सल्लागारांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी क्रमांक सरकारी यादीत स्वतः तपासा. पुण्या-मुंबईत ऑफिस असणे ही नोंदणी नव्हे.

आता कासा

देखभालीच्या लायसन्सचे नियम, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पार्ट ६६ आणि आपला सीएआर ६६, दोन्ही युरोपच्या साच्यातून आले आहेत. त्यामुळे वर्गवारी ओळखीची वाटते: ए, बी१ चे चार उपवर्ग, बी२, सी. मॉड्यूलही तेच, ९ ह्युमन फॅक्टर्स, ११ टर्बाइन विमानाची रचना आणि सिस्टीम, १५ गॅस टर्बाइन, १७ प्रोपेलर. या ओळखीमुळेच माणसे गाफील राहतात. मॉड्यूल १०, म्हणजे कायद्याचा भाग, ऑस्ट्रेलियाचाच द्यावा लागतो. बाकीच्या मॉड्यूलना किती सूट मिळते ते तुमची कागदपत्रे ठरवतात.

कासाकडे पहिले पाऊल म्हणजे एआरएन, एव्हिएशन रेफरन्स नंबर, काढणे. तो भारतात बसून ऑनलाइन काढता येतो, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. मग दोन वाटा. एक, तिथल्या पार्ट १४७ प्रशिक्षण संस्थेकडे जाऊन आधीच्या शिक्षणाची आणि अनुभवाची मान्यता मिळवायची, जी उणीव निघेल तेवढे मॉड्यूल आणि प्रात्यक्षिक पूर्ण करायचे. दोन, स्वाध्यायाने कासाच्या परीक्षा द्यायच्या आणि अनुभवाचा पुरावा जोडायचा. परदेशी लायसन्सना मान्यता देण्याबाबत कासा अलीकडे आधीपेक्षा मोकळी झाली आहे आणि लायसन्स टप्प्याटप्प्याने, काही सिस्टीम वगळून देण्याची सोयही तिने आणली आहे. कुठल्या देशाच्या लायसन्सला काय मिळते ही यादी अर्जाच्या दिवशी कासाच्या साइटवरच वाचायची, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही. वगळलेल्या सिस्टीमसह का होईना, लवकर लायसन्स घेतलेले केव्हाही चांगले, कारण नोकरीच्या बाजारात फरक पडतो तो लायसन्स असण्या-नसण्याने.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते लॉगबुकवर. आपल्याकडे पुष्कळांच्या लॉगबुकात ‘सी-चेक, लँडिंग गिअरचे काम केले’ अशी ओळ असते. तिचा उपयोग शून्य. नोंद अशी हवी: तारीख, विमानाचा प्रकार आणि इंजिन, नोंदणी क्रमांक, एटीए ३२ (विमानाच्या सिस्टीमच्या अध्याय क्रमांकांपैकी लँडिंग गिअरचा), उजव्या मुख्य लँडिंग गिअरच्या क्रमांक ३ चाकाचे ब्रेक युनिट काढून नवे बसवले, ब्लीडिंग आणि फंक्शनल टेस्ट केली, मॅन्युअलचा टास्क क्रमांक, टास्क कार्डचा क्रमांक, काम स्वतः केले, देखरेख केली की सही केली, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही, लायसन्स क्रमांक, स्टॅम्प. एटीएचे अध्याय बघून स्वतःचा तक्ता करा. २४, २७, २८, २९, ३२ आणि ७१ ते ८० मध्ये बहुतेकांच्या नोंदी भरपूर निघतात. २१, ३०, ३५, ३८ रिकामे असतात. कंपनी सोडण्याआधी ते भरून घ्या. नंतर कोणी सही देत नाही, आणि स्टॅम्पवाला इंजिनिअर दुबईला निघून गेलेला असतो.

डीजीसीएकडून लायसन्सची अधिकृत पडताळणी थेट कासाला जावी लागली तर त्यात वेळ जातो. म्हणून ती विनंती राजीनाम्याच्या आधी टाका. एकदा नोकरी सुटली की जुन्या क्वालिटी मॅनेजरकडून दोन ओळी मिळवणेही जड जाते.

पार्ट ६६ मिळाले तरी सही लगेच करता येत नाही. पार्ट १४५ संस्था, म्हणजे मान्यताप्राप्त देखभाल कंपनी, तुम्हाला तिचे स्वतःचे ऑथरायझेशन देते, मग करता येते. तोवर तुम्ही दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करता. सीव्हीत याची काळजी घ्या: तिथल्या जाहिरातीत ‘एएमई’ (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) म्हणजे लायसन्स नसलेला माणूस, लायसन्सवाल्याला ‘लेम’ (लायसन्स्ड एएमई) म्हणतात. ‘सात वर्षे एएमई’ असे लिहिलेत तर वाचणारा तुम्हाला बिनलायसन्सचा समजून बाजूला ठेवेल. ‘डीजीसीए सीएआर ६६ बी१.१ लायसन्सधारक, ए३२० कुटुंब, अमुक इंजिन, रिलीजचा अधिकार अमुक वर्षापासून’ असे पहिल्या तीन ओळींतच येऊ द्या.

टाईप आणि शहर जुळवा

टाईप रेटिंग एअरफ्रेम आणि इंजिनच्या जोडीवर असते, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे कोणाकडे काय आहे ते बघून अर्ज करा. जेटस्टार ए३२० कुटुंबावर चालते आणि तिचा देखभालीचा तळ न्यूकॅसलला आहे. क्वांटास आणि व्हर्जिनची ७३७-८०० सीएफएम५६ वर आहेत, व्हर्जिनकडे मॅक्सही आली. क्वांटासची ए३२१ एक्सएलआर प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनवर आहेत, त्यामुळे ज्यांनी इंडिगोच्या निओवर पीडब्ल्यू११००जी (तेच जीटीएफ) हाताळले आहे त्यांचा अनुभव थेट कामाचा. ७८७ ची जेनेक्स इंजिने एअर इंडिया आणि क्वांटास दोघांकडे आहेत. स्पाइसजेटच्या क्यू४०० वर काम केलेल्यांनी क्वांटासलिंककडे लक्ष ठेवावे. तिची डॅश ८ विमाने प्रादेशिक मार्गांवर उडतात आणि टॅमवर्थला देखभालीचे केंद्र आहे. पर्थची गोष्ट वेगळी. खाणींवर कामगार नेणारी आणणारी विमाने तिथे मोठ्या संख्येने आहेत, फोकर १०० सारखी जुनी सुद्धा, आणि ती सांभाळायला माणसे लागतात.

४९१ व्हिसासाठी प्रादेशिक भागात राहावे आणि काम करावे लागते. पुष्कळ जण त्याचा अर्थ आडगाव असा करतात. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळा देश त्यात येतो. पर्थ, अ‍ॅडलेड, कॅनबेरा, न्यूकॅसल, केर्न्स, टुवूंबा, सगळे. तीन वर्षे राहून कराचे कागद दाखवले की १९१ मधून पीआर. विमान क्षेत्रातल्या माणसासाठी ही अट ओझे नाही, कारण हँगर त्या शहरांतही आहेत.

आता एक वाट जी आपल्याकडच्या फार थोड्यांच्या लक्षात येते. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १७२ सारख्या पिस्टन विमानांवर काम केलेला, बी१.२ असलेला माणूस एअरलाइनवाल्यांसमोर स्वतःला कमी समजतो. ऑस्ट्रेलियात मात्र जनरल एव्हिएशन हे मोठे क्षेत्र आहे. अ‍ॅडलेडचे पॅराफिल्ड, पर्थचे जंडाकॉट, मेलबर्नचे मूराबिन, सिडनीचे बँक्सटाउन या विमानतळांवर फ्लाइंग स्कूल आणि छोट्या वर्कशॉप आहेत. गुरे हाकायला रॉबिन्सन हेलिकॉप्टर वापरणारी शेते उत्तरेत आहेत. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची किंग एअर आणि पीसी-१२ देशभर उडतात. तिथे पगार मोठ्या एअरलाइनपेक्षा कमी असतो, पण स्पर्धाही कमी, आणि छोटा मालक चांगला माणूस सोडायला तयार नसतो. पॅराफिल्ड आणि जंडाकॉट दोन्ही ४९१ च्या हद्दीत येतात. एक लक्षात ठेवा, अशा वर्कशॉपमध्ये स्वतःची टूलबॉक्स आणावी लागते. इंची आणि मेट्रिक दोन्ही स्पॅनर, सेफ्टी वायरची पक्कड, आरसा, टॉर्च. भारतातून नेत असाल तर ग्रीस आणि माती पूर्ण साफ करा आणि विमानतळावर जाहीर करा.

पदवीधरांसाठी दोन जागा सांगतो. कासाच्या पार्ट २१ खालील डिझाइन संस्था, ज्या केबिन बदल, अँब्युलन्स विमानाची आतली मांडणी, दुरुस्तीची डिझाइन करतात, तिथे स्ट्रेस आणि सर्टिफिकेशनवाल्यांना काम असते. आणि मेलबर्नच्या फिशरमन्स बेंडला बोइंग ७८७ च्या पंखांचे मागच्या कडेचे फ्लॅप बनवते, तिथे कॉम्पोझिटचा अनुभव लागतो. क्वीन्सलंडमध्ये व्यावसायिक इंजिनिअरिंग सेवा द्यायला आरपीईक्यू नोंदणी लागते, नाहीतर नोंदणीकृत इंजिनिअरच्या थेट देखरेखीखाली काम करावे लागते. जाहिरातीत ते लिहिलेले असेल तर आधी एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाचे असेसमेंट उपयोगी पडते.

ओझरच्या एचएएलमध्ये सुखोईवर किंवा ११ बेस रिपेअर डेपोत काम केलेल्यांचे डोळे साहजिकच विल्यमटाउन, अँबर्ली, एडिनबरा या हवाई दलाच्या तळांकडे जातात. तिथल्या जागांना सुरक्षा मंजुरी लागते आणि ती सहसा नागरिकांनाच मिळते. नागरिकत्वासाठी चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, त्यातले शेवटचे एक वर्ष पीआर म्हणून. त्यात भारताचे नागरिकत्व सोडावे लागते, मग ओसीआय घेता येते. अमेरिकी बनावटीच्या विमानांवर अमेरिकेचे निर्यात नियमही लागतात. म्हणून पहिली पाच वर्षे संरक्षण क्षेत्राच्या जाहिरातींवर अर्ज वाया घालवू नका. आधी नागरी विमानावर पाय रोवा. आणि लष्करी कामाचा पुरावा मागताना गोपनीय मजकूर कागदात येऊ देऊ नका. पद, कालावधी आणि कामाचे स्वरूप पुरते.

वय ३० किंवा कमी, पदवी दोन वर्षांच्या आतली, विद्यापीठ एनआयआरएफच्या (भारत सरकारच्या क्रमवारीच्या) पहिल्या शंभरात, असे असेल तर तरुण पदवीधरांसाठीच्या मेट्स व्हिसा योजनेच्या सोडतीत नाव घाला. भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा आहेत, इंजिनिअरिंग त्यात आहे, दोन वर्षे राहता येते आणि स्पॉन्सर लागत नाही. तुमच्या वयात ती संधी गेली, पण धाकट्या भावंडांना सांगा.

नावाचा एक घोळ मराठी घरांत नेहमी होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लायसन्सवर वडिलांचे नाव फक्त आद्याक्षरात, लग्नानंतर पत्नीच्या कागदांवर मधले नाव बदललेले. टीआरए, कासा, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसा, चारही ठिकाणी पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे वापरा आणि फरक असलेल्या प्रत्येक कागदासाठी एकच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. इंग्रजीच्या परीक्षेत मधले नाव गाळले म्हणून निकाल पुन्हा पडताळत बसणारे बरेच आहेत. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा. वैद्यकीय तपासणी मात्र नेमलेल्या डॉक्टरकडेच, एचएपी (त्या तपासणीचा ओळख क्रमांक) आल्यावर.

उतरल्यावर हँगरमध्ये शिरायला एएसआयसी, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षित भागाचे, ओळखपत्र लागते. पार्श्वभूमी तपासून ते मिळायला काही आठवडे जातात, तोवर तुम्हाला कोणीतरी सोबत घेऊनच आत नेतात. देखभालीच्या कामाला अमली पदार्थ आणि दारूची चाचणी लागू आहे, अल्कोहोलची पातळी ०.०२ च्या खाली हवी. भारतातून खोकल्याचे औषध नेताना त्यात कोडीन नाही हे बघा. तिथे ते २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चाचणीत आले तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात खुलासा देत बसावे लागते. पगाराच्या करारात मूळ पगार, शिफ्टचा भत्ता आणि १२ टक्के सुपरअ‍ॅन्युएशन (मालकाने भरायचा निवृत्तिनिधी) वेगवेगळे लिहिलेले आहेत ना ते पाहा. कराराचा अर्थ लागत नसेल तर लायसन्सधारक इंजिनिअरांची संघटना एएलएईए आहे. लायसन्स येताच तिचे सदस्य व्हा आणि सहीआधी कागद त्यांना दाखवा.